बाबा म्हणतात, ‘वेड्यांची डॉक्टर होऊ नकोस’

पत्र

नमस्कार मॅडम,

मी मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात इंटर्न आहे. दोन महिन्यांपूर्वी कॅज्युअल्टीत माझी नाइट होती. रात्री दीडच्या सुमारास एकोणीस-वीस वर्षांच्या एका मुलीला झटके येतात म्हणून आणलं. लग्नाला आठ महिने झालेले. सासू, नवरा, दीर सगळे सोबत. सिनिअरने तिच्या पापण्या उघडून पाहिल्या आणि म्हणाला, “एचसीआर आहे, नाटक.” एचसीआर म्हणजे हिस्टेरिया. मग तिच्या छातीच्या हाडावर बोटांची पेरं रगडली, नाकाला अमोनियाचा बोळा लावायला सांगितला. ती किंचाळून उठली तेव्हा सगळे हसले. मीही हसले. बोळा मीच धरला होता.

चार दिवसांनी माझी सायकॅट्रीची पोस्टिंग सुरू झाली आणि तीच मुलगी ओपीडीत आली. तिथल्या मॅडम सगळ्यांना बाहेर बसवून तिच्याशी पाऊण तास बोलल्या. ती काय म्हणाली ते इथे लिहीत नाही. तिने मला ओळखलं नाही, किंवा ओळख दाखवली नाही. त्या दिवसापासून मला सायकॅट्रीच घ्यायची आहे. सराव परीक्षांवरून मेडिसिन मिळेल इतपत रँक येईल असं वाटतं. मित्र म्हणतात, रँक वाया घालवू नकोस, सायकीत जाणारे शेवटी स्वतःच सायकी होतात. बाबा झेडपीच्या शाळेत शिक्षक आहेत. त्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नाही, पण हे ऐकून ते ताटावरून उठले. “एवढं शिकून वेड्यांची डॉक्टर होणार?” आई म्हणते, लग्न कसं जमवायचं? घरात आम्ही चौघंच. बाबांचे धाकटे भाऊ शेतावर राहतात, त्यांची तब्येत बरी नसते.

आणखी एक. सेकंड इयरला मला स्वतःला डिप्रेशन आलं होतं. सकाळ होऊच नये असं वाटायचं. दुसऱ्या शहरात जाऊन दाखवलं, सहा महिने गोळ्या घेतल्या, बरं वाटल्यावर बंद केल्या. रूममेटलाही माहीत नाही. हल्ली पुन्हा झोप लागत नाही.

मी ही शाखा अपराधीपणातून तर निवडत नाही ना? आणि मला स्वतःला हे झालेलं असताना मी ती घ्यावी का?

– एक इंटर्न

उत्तर

तुला अगं-तुगंच करते, माझ्या धाकटीच्या वयाची आहेस. तुझ्या पत्रात प्रश्न दोन आहेत, पण सुरुवात मी तू न विचारलेल्या गोष्टीपासून करणार आहे. ‘हल्ली पुन्हा झोप लागत नाही’ हे तू शेवटाकडे, जाता जाता लिहिलं आहेस. ओपीडीत पेशंट सगळं बोलून उठतो, दारापर्यंत जातो आणि तिथून मागे वळून खरी तक्रार सांगतो. तसंच वाटलं मला ते वाक्य वाचताना. म्हणून आधी तेच.

नैराश्य एकदा येऊन गेलं की साधारण निम्म्या लोकांना ते पुढे कधीतरी परत गाठतं, आणि बऱ्याचदा पहिली खबर झोपेकडूनच येते. पहिल्या खेपेला बरं वाटायला लागल्यानंतरही सहा ते नऊ महिने गोळ्या चालू ठेवायच्या असतात. तू सगळ्या मिळून सहा महिने घेतल्यास आणि कुणाला न विचारता थांबवल्यास. मी रागावत नाही. टीबीचा पेशंट खोकला थांबला म्हणून दोन महिन्यांत गोळ्या सोडतो, तेव्हा त्याला तू जे समजावतेस तेच तुला समजावते आहे. या आठवड्यात डॉक्टरांना दाखव. तुझ्या कॉलेजबाहेरचे बघ, म्हणजे उद्या ज्यांच्या हाताखाली काम करायचं त्यांच्यासमोर मन मोकळं करायची वेळ येणार नाही. ‘सकाळ होऊच नये’ हे वाटणं परत आलं असेल तर आठवडाही थांबू नकोस, आजच जा. रात्री-अपरात्री जवळ कुणी नसेल तर १४४१६ लाव. टेली-मानसची ही सरकारी लाइन ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालू आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आणि रूममेटला सांग. तुला डेंगी झाला असता तर तुझ्या कॉटभोवती मित्रमैत्रिणींची गर्दी झाली असती, कुणी शहाळं आणलं असतं, कुणी तुझ्या प्लेटलेट्स ग्रुपवर टाकल्या असत्या. या आजारासाठी मात्र तू एकटी एसटीत बसून दुसऱ्या शहरात गेलीस. हे तुला का करावं लागलं, याचं उत्तर त्या कॅज्युअल्टीतल्या हसण्यातच आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर कृतिदल नेमलं होतं, त्याचा अहवाल २०२४ मध्ये आला. ऑनलाइन पाहणीला पंचवीस हजारांवर एमबीबीएस विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली. त्यातल्या २७.८ टक्क्यांनी आपल्याला मानसिक आजाराचं निदान झालेलं असल्याचं सांगितलं, १६.२ टक्क्यांनी वर्षभरात आत्महत्येचे विचार आल्याचं. ज्यांना त्रास आहे तेच असल्या पाहणीला जास्त उत्तरं देतात हे धरून चाललं, तरी त्या रात्री हसणाऱ्या सहा-सात जणांत तुझ्यासारखं आणखी कुणीतरी असण्याची शक्यता बरीच आहे. तेही तुझ्यासारखंच हसलं असणार, कारण न हसणं म्हणजे ओळखू येणं.

आता तो अमोनियाचा बोळा. मीसुद्धा धरला आहे, तीस-बत्तीस वर्षांपूर्वी, अशाच एका रात्री. तो कुठल्या पुस्तकात नाही, कुठल्या लेक्चरला कुणी शिकवत नाही. दमलेल्या सिनिअरचा हात बघून ज्युनिअरचा हात शिकतो, आणि वर्षाने तोच ज्युनिअर सिनिअर होतो. तुझ्या कॉलेजात मानसिक आजाराकडे कसं बघायचं हे सायकॅट्रीच्या प्राध्यापकांनी शिकवण्याच्या कितीतरी आधी कॅज्युअल्टीने शिकवलेलं असतं, आणि कॅज्युअल्टीचं शिकवलेलं जास्त टिकतं.

त्या सिनिअरचं निदान बहुधा बरोबर होतं, हेही सांगते. डोळे घट्ट मिटलेले असणं, झटका लांबत जाणं, ही चिन्हं त्याने ओळखली असतील. पण ‘नाटक’ हा शब्द साफ चुकीचा आहे. ‘हिस्टेरिया’ आणि ‘एचसीआर’ ही नावं निदानाच्या पुस्तकांतून गेली, आता ‘फंक्शनल’ म्हणतात. अपस्मारात मेंदूत विजेचा जो लोळ उठतो तो इथे नसतो, पण शरीरावरचा ताबा खरोखरच सुटलेला असतो. त्या मुलीने झटका आणला नव्हता, तिला तो आला होता. शिवाय काही जणांना अपस्मार आणि हे असं दोन्ही असतं, त्यामुळे एकदा ‘एचसीआर’चा शिक्का बसलेल्या पेशंटचा खरा अपस्मार लोक बघत उभे राहतात. मी हे होताना पाहिलं आहे.

पुढच्या नाइटला अशी मुलगी आली तर काय करायचं, ते लिहून ठेव. तिला लागणार नाही असं कुशीवर घे, शुगर बघ, ऑक्सिजन बघ, आधी कधी झटके आले होते का विचार, शंका असेल तर अपस्मार धरूनच चाल. छाती रगडायची नाही. झटका ओसरला की सगळ्यांना पडद्याबाहेर काढ, सासूला तर नक्कीच, आणि तिच्या कानाशी वाकून सांग, “ताई, तुला होतंय ते खरं आहे. तू मुद्दाम करत नाहीस. हे बरं होतं. उद्या सकाळी अमुक नंबरच्या खोलीत ये, मी तिथल्या डॉक्टरांना सांगून ठेवते.” याला दीड मिनिट लागतं. मग बाहेर येऊन घरच्यांना सांग की हा आजार आहे, उपचार लागतील. डॉक्टरच्या तोंडून सासरच्या माणसांसमोर ‘नाटक’ हा शब्द एकदा निघाला की त्या घरात तो तिच्यावर पुढची वीस वर्षं वापरला जातो. तिला घरात मारहाण होते का हे फक्त एकटीलाच विचारायचं, आणि ‘हो’ म्हणाली तर जिल्ह्याच्या सखी केंद्राचा पत्ता आणि महिला हेल्पलाइनचा १८१ हा नंबर तिला पाठ करून द्यायचा, कागदावर लिहून नाही. कागद घरी सापडतो.

त्या मुलीला शोधून माफी मागावी का, हे तू विचारलं नाहीस, पण तुझ्या मनात असणार. माझं मत, मागू नकोस. तुझ्या मनावरचं ओझं तिच्या डोक्यावर ठेवायचा तुला अधिकार नाही. तिने कधी स्वतःहून त्या रात्रीचा विषय काढला तर मात्र टाळू नकोस, “बोळा मी धरला होता, माझं चुकलं” एवढंच म्हण. आणि पुढच्या वेळी सिनिअरने बोळा मागितला तर देऊ नकोस. त्याला चारचौघांत काही बोलायची गरज नाही, फक्त “सर, आधी शुगर बघते” म्हणून कामाला लाग. दमलेल्या माणसाला कुणीतरी दुसरं काही करायला लागलेलं दिसलं की तो बहुतेकदा वाद घालत नाही.

तू मराठवाड्यात आहेस, म्हणजे ‘औषध प्यायलेले’ पेशंट तू मेडिसिनच्या वॉर्डात पाहिलेच असशील. त्यांच्यासाठी आपण किती झटतो! दर पंधरा मिनिटांनी बाहुल्या बघायच्या, छाती ऐकायची, अ‍ॅट्रोपिनचा चार्ट भरायचा, रात्रभर इंटर्न उशाशी. आणि सातव्या दिवशी फाइलवर एक ओळ: सायकी रेफरन्स घेऊन डिस्चार्ज. मग तो माणूस सलाइनची सुई हातात तशीच घेऊन आमच्या ओपीडीत येतो, सोबत भाऊ, बाहेर गाडी उभी. कुणीतरी विचारतं, “परत करणार का असं?” तो मान हलवतो. झालं. ज्या कारणाने तो मरायला निघाला होता त्याला सात दिवसांत कुणी हातही लावलेला नसतो. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी. जुन्या दंडसंहितेतलं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत उरलेलंच नाही. कायदा एवढा पुढे गेला आणि वॉर्डात आपण अजून “उगाच आमचा बेड अडवला” असं म्हणतो.

तुझ्या मित्रांची बाजू मी समजू शकते. सायकॅट्री त्यांना निरुपयोगी का वाटते याचं कारण मला त्यांच्या मनापेक्षा पोस्टिंगच्या वेळापत्रकात जास्त दिसतं. माझ्या वेळी एमबीबीएसला या विषयाचे जेमतेम दोन आठवडे होते, आणि त्यातही पोरं लायब्ररीत बसायची. २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात ते चार झाले. २०२१ च्या नियमांत इंटर्नशिपचे दोन आठवडे सक्तीचे आहेत, म्हणून तर ती मुलगी तुला दुसऱ्यांदा दिसली. पण वेगळा पेपर आजही नाही, मेडिसिनच्या दुसऱ्या पेपरात एक कोपरा आहे. जे विचारत नाहीत ते कुणी वाचत नाही.

आणि त्या आठवड्यांत दिसतं काय? वॉर्ड. म्हणजे औषधं सोडून चौथ्यांदा भरती झालेला, आरडाओरडा करणारा, घरच्यांनी हात टेकलेला माणूस. सगळ्यात अवघड पेशंट तेवढे दिसतात, आणि विद्यार्थी समजून चालतो की हा आजारच असा, यात कुणी बरं होत नाही. बरे झालेले कुठे असतात? ते शेतात असतात, बँकेत असतात, शाळेत शिकवत असतात. महिन्यातून एकदा येऊन, पाच मिनिटांत गोळ्या घेऊन जातात. आणि त्या वेळी इंटर्न टोकन वाटत असते किंवा चहाला गेलेली असते. मोतीबिंदूचा पेशंट पट्टी काढल्यावर सगळ्या वॉर्डाला सांगतो की मला दिसतंय. आमचा पेशंट बरा झाला की पहिलं काम करतो ते म्हणजे हे कुणालाही न सांगणं. मग आमच्या शाखेचं यश दिसणार कुणाला?

एक गृहस्थ माझ्याकडे तेवीस वर्षं येतात. त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतपत बदल करून लिहिते. बागायतदार आहेत. पहिल्यांदा आणलं तेव्हा तीन रात्री झोपलेले नव्हते, गावातल्या देवळाला सोन्याचा कळस चढवणार म्हणून बैलजोडी विकून आले होते. मॅनिया, म्हणजे उन्माद होता. नंतर दोन वर्षांत एकदा खोल नैराश्य. मनाचे चढउतार आवरणारं लिथियम हे औषध सुरू केलं. तेव्हापासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ते पहिल्या एसटीने येतात. खताच्या गोणीच्या कापडाची शिवलेली एक पिशवी असते, तिच्यात प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेले सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावलेले. रक्तातलं लिथियम, थायरॉइड, क्रिएटिनिन. मी विचारायच्या आत ते काचेवर रिपोर्ट ठेवतात आणि आकड्यावर बोट ठेवून म्हणतात, “शून्य पॉइंट सात. बसतंय ना?” एकदा जुलाब लागले तेव्हा त्यांनी फोन करून विचारलं की आज गोळी थांबवू का, कारण अंगातलं पाणी कमी झालं की लिथियम चढतं हे त्यांना पाठ आहे. गुडघा दुखतो म्हणून गावच्या डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या लिहून दिल्या तर हे त्यांनाच सांगतात, “साहेब, माझं लिथियम वाढेल, दुसरं काही द्या.” मोठी मुलगी इंजिनिअर आहे, धाकट्याने द्राक्षं लावली आहेत. पुसात पहिला हुरडा निघाला की माझ्या टेबलावर त्याची पुडी येते. तुझ्या मित्रांपैकी एकाने तरी हे गृहस्थ पाहिले असते, तर ‘सायकीत काही बरं होत नाही’ हे वाक्य त्याच्या तोंडी आलं नसतं.

म्हणून तुला गृहपाठ देते. निर्णय आज घेऊ नकोस. पुढचे दोन महिने सुटीच्या दिवशी, किंवा ड्यूटी संपवून, तुमच्याच सायकॅट्रीच्या फॉलोअप ओपीडीत बस. नव्या पेशंटच्या नाही, फॉलोअपच्या. मॅडमना विचारून दहा जुन्या पेशंटच्या फाइली पहिल्या पानापासून वाच, आणि मग तो माणूस समोर आला की त्याच्याकडे बघ. एक पूर्ण रात्र वॉर्डातही काढ. दोन्ही पाहून झाल्यावर स्वतःला एकच विचार, या माणसाचं पुढे काय झालं हे मला कळून घ्यावंसं वाटतं का? वाटत असेल तर ही शाखा तुझी आहे.

कारण हो, तुझ्या निवडीत अपराधीपणा आहे. त्यात वाईट काही नाही, माणसाला धक्का बसतो तेव्हाच तो वळतो. पण तीन वर्षांची रेसिडेन्सी आणि पुढची तीस वर्षं त्यावर निघत नाहीत. पेशंट तुला माफ करायला येत नसतात. काही शिव्या देतील, काही तुझ्यामागे गोळ्या थुंकतील, आणि कधीतरी, कितीही काळजी घेतलीस तरी, एखादा पेशंट आत्महत्या करेल. माझे तीन गेले. तिघांची नावं मला रोज आठवतात. प्रायश्चित्त म्हणून या कामात आलेली माणसं असल्या दिवशी मोडतात, आणि म्हणून तुला दोन महिने थांब म्हणते आहे.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. नैराश्य होऊन गेलेली मुलगी सायकॅट्री घेऊ शकते, सर्जरीही घेऊ शकते. मला दम्याचा त्रास असलेले छातीचे डॉक्टर माहीत आहेत. फक्त स्वतःला झालं म्हणून पेशंट आपल्याला जास्त कळतो, असं मानू नकोस. उलट चूक होण्याचा तो एक मार्ग आहे. पेशंटचं नैराश्य आपल्यासारखंच असेल असं वाटतं आणि त्याचं वेगळेपण कानाआड होतं. रेसिडेन्सीत सलग जागरणं असतात आणि तुझा आजार झोपेशी बांधलेला दिसतो, त्यामुळे कुठलीही शाखा घेतलीस तरी तुझे डॉक्टर, तुझ्या गोळ्या आणि ही गोष्ट माहीत असलेलं एक माणूस, एवढं आधी जागेवर हवं.

रँक वाया जाण्याबद्दल. मित्रांना वाटतं की सायकॅट्री घेतली म्हणजे स्टेथोस्कोप ठेवून द्यायचा. माझ्या रेसिडेन्सीतली एक रात्र सांगते, जी मला आजही टोचते. मेडिसिनच्या वॉर्डातून कॉल आला. सत्तरीच्या आजी, दोन दिवस असंबद्ध बडबड, चादरीचे धागे उपसतायत, सलाइन ओढतायत. फाइलवर ‘सायकी’ लिहिलेलं. मी गेले, पाहिलं, झोपेचं इंजेक्शन लिहिलं आणि परत येऊन पडले. सकाळी माझ्या सिनिअरने रक्त पाठवलं, सोडियम ११२ निघालं. ब्लडप्रेशरच्या एका साध्या गोळीने उतरलेलं. आजी वाचल्या, आणि चौथ्या दिवशी आपल्या शेळ्यांची चौकशी करू लागल्या. मी सायकॅट्रीची डॉक्टर असूनही फाइलवरच्या त्या एका शब्दाने मला आंधळं केलं होतं. याची उलट बाजू जास्त भयानक आहे. स्किझोफ्रेनियाचा पेशंट पोट दुखतं म्हणतो, तर लोक म्हणतात, याचं काय ऐकायचं. तो क्लोझापीनवर असेल तर त्या औषधाने आतडं इतकं मंदावू शकतं की जीव जाईल, आणि पांढऱ्या पेशी उतरल्या असतील तर साधा तापही घातक. जागतिक आरोग्य संघटना सांगते की तीव्र मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी मरतात, आणि त्यातली बरीचशी हृदयविकार, मधुमेह, छातीचे आजार असल्या कारणांनी. असल्या पेशंटसाठी मेडिसिन पक्कं असलेलीच डॉक्टर हवी, म्हणजे तुझी रँक अजिबात वाया जात नाही.

‘तुमची औषधं काही काम करत नाहीत’ असं कुणी म्हणालं तर त्याला सर्पगंधेची गोष्ट सांग. ब्लडप्रेशरसाठी सर्पगंधेच्या मुळाचा उपयोग होतो हे मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं आणि जगभर त्यांचं नाव झालं. तेच मूळ बिहारकडे पिढ्यानपिढ्या ‘पागल की दवा’ म्हणून दिलं जात होतं, आणि त्यातून निघालेलं रेसरपीन पन्नासच्या दशकात मनोरुग्णालयांत वापरलं गेलं. मूळ एकच, पण हृदयाच्या खात्यात गेलं तेव्हा त्याला विज्ञान म्हणाले. २०१२ मध्ये जर्मन संशोधकांनी इतर आजारांवरची आणि मानसिक आजारांवरची औषधं परिणामाच्या एकाच मापाने शेजारी शेजारी मांडली, तेव्हा आमची औषधं सरसकट मागे पडली नाहीत. दोन्हीकडे काही फार चांगली, काही बेताची.

आईच्या काळजीबद्दल थोडंच लिहिते. ज्या घराला तुझ्या शाखेची लाज वाटेल त्या घरात तुला तुझी गोळ्यांची पट्टीही लपवावी लागेल. असं स्थळ आधीच गळलं तर आईने वाईट वाटून घेऊ नये.

आता बाबा. तुझ्या पत्रातली एक ओळ मी पुनःपुन्हा वाचली. ‘बाबांचे धाकटे भाऊ शेतावर राहतात, त्यांची तब्येत बरी नसते.’ लग्नाच्या चिंतेच्या लगेच पाठोपाठ ती आली आहे. तू ती का लिहिलीस, तुलाही कदाचित ठाऊक नसेल. न पाहता निदान करायची मला सवय नाही, तुझ्या काकांना मणक्याचा त्रासही असू शकेल. पण ज्याने कधी आवाज चढवला नाही तो शिक्षक लेकीच्या एका वाक्यावर ताटावरून उठतो, तेव्हा तो रागावलेला कमी आणि घाबरलेला जास्त असतो. आपल्याकडे येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथे सरकारी मनोरुग्णालयं आहेत, आणि भांडणात ‘याला येरवड्याला पाठवा’ म्हणताना आपल्याला काही वाटत नाही. घरात एक माणूस आजारी पडला की सगळं घर या शब्दापासून त्याला आणि स्वतःला लपवू लागतं. त्याच येरवड्याच्या रुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचटांनी १९८६ मध्ये तिथल्याच आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं आणि हजारो घरं सावरली, हे मात्र आपल्या भांडणांत येत नाही.

त्यामुळे बाबांना आकडे सांगू नकोस, त्यांच्याशी वादही घालू नकोस. एका रविवारी त्यांच्यासोबत शेतावर जा. डबा घेऊन जा, काकांबरोबर बसून जेव. परत येताना, गाडीवर नाही, बांधावरून चालताना विचार, “बाबा, काकांना नक्की काय झालं होतं? सुरुवात कशी झाली?” आणि मग गप्प राहा. ते बोलले नाहीत तरी गप्प राहा. केस हिस्टरी घ्यायला तुला शिकवलंय, पण इथे तू डॉक्टर नाहीस, मुलगी आहेस. कुणाकुणाला दाखवलं, देवऋषाकडे नेलं का, किती खर्च झाला, आजीने काय केलं, जे येईल ते येऊ दे, आणि अंगाऱ्या-धुपाऱ्याचं ऐकून नाक मुरडू नकोस. त्यांना जे सुचलं, परवडलं, ते त्यांनी केलं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचारांशिवाय राहिलेले आढळले. काका आजारी असतील तर ते त्यातले एक, आणि तुझे बाबा गेली कित्येक वर्षं त्यांचे एकटे अटेंडंट आहेत.

आणि काका यायला तयार झाले, तर त्यांना तुमच्या कॉलेजात आणायलाच हवं असं नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या रुग्णालयातही येते. वार विचारून ठेव. केसपेपरसाठी आधार कार्ड, आणि जुन्या गोळ्यांची रिकामी पाकिटं घरात कुठे पडली असतील तर तीही घे, आजीच्या ट्रंकेत बहुधा सापडतील. सकाळी लवकर जा, गर्दी व्हायच्या आत. काकांना दाराजवळच्या बाकावर बसव, जिथून बाहेरचं दिसतं. इतकी वर्षं मोकळ्यावर राहिलेल्या माणसाला बंद खोलीत गुदमरतं. आणि आत जाताना बाबांनाही सोबत ने, बाहेर थांबवू नकोस.